बिनगव्हाची गिरणी

निवृत्तीभाऊंच्या गिरणीत आलेली बाई डबा खाली ठेवायच्या आत विचारते, "आधी काय दळलं?" पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून असतं. बाजरीनंतर लगेच गहू टाकले तर पोळ्या काळपट होतात. हरभऱ्याच्या डाळीनंतर कुणालाच काही नको असतं. गव्हानंतर ज्वारी मात्र सगळ्यांना चालते. मग नंबर मागेपुढे होतात, बाकावरच्या बायका आपापसांत तडजोडी करतात, आणि अगदीच जमलं नाही तर निवृत्तीभाऊ ओंजळभर धान्य वाया घालवून दगड साफ करून देतात. "घ्या, आता निव्वळ तुमचंच," असं वर म्हणतात.

नाशिकच्या सिडकोतल्या या गल्लीत ही गिरणी योगिनीच्या लग्नाच्या आधीपासून आहे. तीही डबा ठेवताना हेच विचारायची. तिच्या मुलीच्या, वेदिकाच्या दुखण्याचं निदान झालं आणि तिचा प्रश्न लांबत गेला.

"आधी काय दळलं?"

"गहू."

"त्याच्या आधी?"

"गहूच."

"आणि सकाळी सगळ्यांत पहिलं?"

निवृत्तीभाऊंनी मोटर बंद केली. "ताई, असं मागं मागं गेलात तर माझ्या लग्नापर्यंत पोचाल. तेव्हापन गहूच दळला व्हता."

वेदिका दुसरीत होती. कितीतरी महिने तिचं पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं, खेळायला गेली तर लगेच पायरीवर येऊन बसायची. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, की गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या आतड्याला इजा होते. त्यावर औषध नाही. गहू, रवा, मैदा, जव कायमचे बंद, आणि बंद म्हणजे चिमूटभरही नाही. योगिनी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. चिमूट म्हणजे किती, याची तिला जरा जास्तच स्पष्ट कल्पना होती. ज्या दगडांवर दिवसभर गहू फिरतो ते ओंजळभर ज्वारीने स्वच्छ होत नाहीत. शिवाय गिरणीतली हवाच गव्हाची असते. निवृत्तीभाऊंच्या भुवयासुद्धा गव्हाच्या होत्या.

म्हणून पीठ ऑनलाइन येऊ लागलं. पाकिटावर गव्हाची लोंबी आणि तिच्यावर काट मारलेली. पाकीट दूरच्या कुठल्या राज्यातून यायचं, आणि दळल्याची तारीख पाहिली की वाटायचं, हे पीठ आपल्याआधी बराच देश फिरून आलंय.

कुसाबाई म्हणजे योगिनीच्या सासूबाई. त्या मूळच्या नामपूरकडच्या, बोलण्यात अहिराणी अजून शिल्लक. भाकरी हा त्यांचा विषय. पहिलं पाकीट फोडून त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली.

"हाई पीठ शे का राख शे?"

"आई, ज्वारीच आहे. गव्हाचा कण नाही त्यात."

"गव्हाचा नाही, खरं. पण ज्वारीचाबी जीव नाही राहिला. विरी गेली याची."

विरी म्हणजे भाकरी थापताना पीठ पिठाला धरून ठेवतं ते. दळून फार दिवस झाले की विरी जाते. मग भाकरी परातीतच कडेने फाटते आणि तव्यावर पडेपर्यंत तिचे तुकडे होतात. या गुणाला रसायनशास्त्रात काय म्हणतात ते योगिनीने शोधून पाहिलं. नेमका शब्द सापडला नाही. बाजरीच्या पिठाला यायचा त्या खवट वासाला शब्द होता, पण शब्द असल्याने वास जात नव्हता.

वेदिका भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला रचून ठेवायची आणि भात मागायची.

"आजी, ही भाकरी आधीच कुणीतरी चावलेली आहे," ती एकदा म्हणाली. कुसाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मध्ये एक घरघंटीही मागवून झाली, तीही ऑनलाइनच. ज्वारी बरी दळायची. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, बारीक दाणे मात्र जाळीत अडकून बसायचे आणि पीठ हाताला पोळेल इतकं गरम व्हायचं. नंतर मोटरला जळका वास येऊ लागला. कंपनीला फोन लावला की एक गाणं वाजायचं. योगिनीचा नवरा हर्षल ते गाणं अंघोळ करताना गुणगुणू लागला तेव्हा घरघंटी माळ्यावर गेली.

गिरणीच्या पाठीमागे, दुसऱ्या गल्लीत तोंड असलेला निवृत्तीभाऊंचा आणखी एक गाळा होता. तिथे पूर्वी मसाला कांडायचं यंत्र होतं. लोक तयार मसाला मागवू लागले तसं ते विकावं लागलं. तेव्हापासून गाळा बंद होता. एका संध्याकाळी कॉलेजातून येताना योगिनीला त्याचं शटर उघडं दिसलं. आत राकेश टेप धरून भिंत मोजत होता. सगळ्या परिसरातली पार्सलं तोच वाटायचा, आणि त्याच्या घराच्या जिन्यात खोकी इतकी साठली होती, की त्याच्या आईला गच्चीवर पापड वाळत घालायला शेजारच्या जिन्याने जावं लागायचं.

"मॅडम, इथे आता माझं गोडाऊन होणार," तो खुशीत म्हणाला. "तुमचं पीठ भिजायचं नाही पावसात. तसंही सगळ्यात जड पार्सल तुमचंच असतं."

योगिनी दारात उभी राहिली. तिने गाळ्याकडे पाहिलं, मधल्या जाड भिंतीकडे पाहिलं, रस्ता कोणत्या बाजूला आहे ते पाहिलं. मग ती वळसा घालून पुढच्या गल्लीत गेली.

"निवृत्तीभाऊ, मागच्या गाळ्यात दुसरी गिरणी टाकाल का?"

"हीच अर्धा दिवस झोपा काढती."

"बिनगव्हाची. ज्वारी, बाजरी, नागली, तांदूळ, डाळी. गहू कधीच नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

निवृत्तीभाऊंनी बायकोकडे पाहिलं. मंगलाबाई काट्यावर डबे ठेवत होत्या. वजनं, पैसे, कुणाचा डबा कुठला हे सगळं त्यांच्याकडे. भाऊंकडे फक्त दगड आणि आवाज.

"ताई, गव्हाबिगर गिरनी म्हंजे..." त्यांना उपमा सुचली नाही. "बरं, गिरनी हाय. घोटीला मेव्हण्याकडं एक पडून हाय, तांदळाचंच पीठ काढायची. पन एका पोरीच्या दळणावर मोटर नाय फिरत. राकेश भाडं देतो म्हनतो."

"आणि गिऱ्हाईक आणलं तर?"

"आना की. दसऱ्याला त्याला उत्तर द्यायचंय. तवर गल्लीतली माणसं बोलली, की आमी ज्वारी-बाजरी तिकडंच टाकू, तर गाळा तुमच्या गिरनीला. नायतर राकेशला. माझं नाव निवृत्ती हाय ताई, पन ती घ्यायला परवडत नाय मला."

योगिनी कामाला लागली. ती एकेका घरी गेली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि आतडं, प्रथिन, अंशात्मक मिश्रण असं सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. शेजारणींनी अगदी मनापासून ऐकलं. चहा दिला. हळहळल्या. आणि उठताना एकीने विचारलं, "मग तिला पोळीऐवजी ब्रेड दिला तर चालेल का?"

रात्री जेवताना तिने हे सांगितलं तेव्हा कुसाबाई म्हणाल्या, "तू घरीच ऱ्हाय. उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी त्या गिरणीच्या बाकावर जाऊन बसल्या. दळण नव्हतं, नुसत्याच बसल्या. नवरात्र जवळ आलेलं. भगर आणि राजगिरा घेऊन बायका येत होत्या आणि भाऊंना बजावत होत्या, की आधी दगड साफ करा, उपवासाचं आहे.

"तुमच्या उपवासाला गव्हाचा कण चालस का?" कुसाबाईंनी एकीला विचारलं.

"छे, कसा चालेल?"

"मन्या नातीचा, आमच्या वेदिकाचा, बारा महिने उपवास शे. गव्हाचा. तुमचा मोडला तर देवी माफ करस. तिचा मोडला तर पोट माफ करत नाही."

जे योगिनीला तासभर बोलून जमलं नव्हतं ते झालं होतं. बायका सरकून बसल्या, प्रश्न विचारू लागल्या, आणि प्रश्न बरोबर होते. डबा वेगळा लागेल का? चाळणी? हाताला लागलेलं? कुसाबाईंना चेव आला.

"लागस ना. सोवळंच म्हना. गव्हाचं सोवळं. त्याला शिवायचं नाही, त्याची सावली नको..."

"कुसाबाई," बाकाच्या टोकाला बसलेल्या भिमाबाई म्हणाल्या, "तो शब्द नका वापरू."

भिमाबाई मागच्या कॉलनीत राहायच्या. नागलीचे पापड, तांदळाच्या चकल्या असं करून विकायच्या. कुसाबाईंपेक्षा वयाने थोड्या लहान, पण आवाजाने नाही.

"कोणता?"

"सोवळं. शिवायचं नाही, सावली नको. आमच्या आजीने फार ऐकलंय ते. तुमच्या नातीसाठी मी लागेल ते करीन, पण त्या शब्दाखाली नाही."

कुसाबाईंनी पदर सारखा केला. त्या सहसा बोललेलं मागे घेत नसत.

"मग काय म्हनू?"

"पथ्य म्हणा. पथ्य आजाराचं असतं, माणसाचं नाही."

"पथ्य," कुसाबाई म्हणाल्या. "बरा शे शब्द. गव्हाचं पथ्य." आणि मग जरा वेळाने, "तुमचे पापड कुठे दळता?"

"इथेच. गव्हावर. आणखी कुठे?"

"मंग ते वेदिकाले चालणार नाहीत."

भिमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग भाऊंकडे. त्या विचार करताना ओठ दाबून धरायच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे पापड कमी खपत होते. लोक पाकीट मागवायचे; पाकिटावर काय काय लिहिलेलं असतं. आपल्या पिशवीवर काय लिहायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

"समजा वेगळी गिरणी झाली," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मला लिहिता येईल का, की यात गहू नाही? खरं लिहिता येईल का?"

"मन्या सुनेला विचारा. ती खऱ्याबिगर बोलतच नाही. म्हनून तिचं कुनी ऐकत नाही."

भिमाबाई त्याच संध्याकाळी योगिनीकडे आल्या. नागली त्या पेठ तालुक्यातल्या बायकांकडून घ्यायच्या, ज्यांच्या शेतात भात आणि नागलीच पिकते, गव्हाचा संबंधच नसतो. योगिनीने बरेच प्रश्न विचारले, काही उत्तरांवर पुन्हा प्रश्न विचारले, आणि शेवटी म्हणाली, "हो. लिहिता येईल. अधूनमधून तपासावं लागेल, पण येईल." भिमाबाईंनी दुसऱ्या दिवशी निवृत्तीभाऊंना सांगून टाकलं, की पापडाचं सगळं दळण तिकडे. दिवाळीची भाजणी आणि बेसनही तिकडेच टाकू, असं बाकावरच्या बायकांनी सांगितलं. भाऊंनी घोटीला फोन केला.

राकेशला अजून नाही म्हटलेलं नव्हतं. "गिरनी चालू झालेली बघू," भाऊ त्याला म्हणाले. "दसऱ्यापत्तर थांब."

गिरणी टेम्पोतून आली. नवे दगड बसले, नवी कापडी नळी लागली. वेदिकाने पुठ्ठ्यावर गव्हाची लोंबी काढून तिला रडवेला चेहरा दिला आणि खाली लिहिलं, "तू पुढच्या गल्लीत जा." खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, यंत्रांची पूजा असते. त्याच दिवशी सुरुवात करायचं ठरलं.

सकाळी गाळ्यासमोर रांगोळी होती. गिरणीला झेंडूची माळ घातलेली, कुंकवाची बोटं ओढलेली. भिमाबाई नागलीचं पोतं घेऊन आल्या होत्या. राकेश वाटेत मोटरसायकल लावून प्रसादासाठी थांबला होता. पहिला मान वेदिकाचा होता. कुसाबाईंनी आणि तिने मिळून ज्वारी दाणा न् दाणा निवडली होती आणि नवाकोरा डबा भरून आणला होता. भाऊंनी मोटर सुरू केली. वेदिकाने दोन्ही हातांनी डबा उचलला.

"थांब," मंगलाबाई म्हणाल्या.

त्यांनी डब्यावर हात ठेवला होता. दुसऱ्या हाताने भाऊंना मोटर बंद करायची खूण केली.

"काय झालं गं?"

"मी पहाटं पूजा केली." त्या गिरणीकडे बघत होत्या, माणसांकडे नाही. "दरसालची करते तशी. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. मग मोटर लावून वरून मूठभर गहू सोडले. पहिला घास लक्षुमीचा म्हनून. पीठ पडल्यावर मला उमगलं. मी ते झाडून घेतलं. वाटलं, मूठभरच तर व्हतं." त्यांनी डबा वेदिकाच्या हातातून काढून खाली ठेवला. "पन नाय. ह्या पोरीला नाय चालायचं."

कुसाबाई पायरीवर बसल्या. वेदिकाने आईकडे पाहिलं, कारण घरात अशा गोष्टींचा निकाल आईच द्यायची.

निवृत्तीभाऊंनी टोपी काढून झटकली. तिच्यातून पीठ उडालं, आणि तेही गव्हाचं आहे हे लक्षात येऊन ते चटकन दाराबाहेर गेले. बाहेरूनच बोलले.

"झालं. ताई, आपल्याच्यानं नाय व्हायचं हे. मंगलाला समदं ठावं व्हतं. तरी हात गव्हाकडंच गेला, कारण जन्मभर तिकडंच गेलाय. आज मूठ, उद्या गर्दीत डब्याला डबा. पोरीला काय झालं तर मी काय करू? राकेश, ने बाबा गाळा. खोक्यांना पथ्य नसतं."

राकेशच्या हातात प्रसादाचा पेढा होता. तो खावा की नाही हे त्याला कळेना.

योगिनी गिरणीजवळ गेली. नळीचं कापड उलटून पाहिलं, शिवणीत अडकलेली पांढरी रेघ पाहिली. मग वळली.

"निवृत्तीभाऊ, गहू पडला हे आपल्याला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? तिनंच सांगितलं."

"आणि नसतं सांगितलं तर?"

भाऊंनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

"मला कळलं नसतं," योगिनी म्हणाली. "पीठ झाडलेलं होतं, वरून काही दिसत नव्हतं. वेदिका आजारी पडली असती आणि मी ज्वारीवर, डब्यावर, शाळेवर संशय घेत बसले असते. चूक न करणारी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत तर चुका रोज होतात. मला तिथेही मंगलावहिनींसारखं माणूस मिळालं तर हवंय. गिरणी साफ होईल. साफ झाली की नाही, हे तपासताही येतं. पण सांगणारं माणूस इथे नसेल तर गिरणी नकोच मला."

मंगलाबाईंनी पदराने नाक पुसलं. भाऊ दाराबाहेर उभे राहून बायकोकडे असे बघत होते, जणू ती नुकतीच टेम्पोतून उतरली होती.

"आवो, बघत काय ऱ्हायलात?" त्या म्हणाल्या. "पाना आना. दगड उतरवायचेत."

"पन राकेश..."

"त्याला मी सांगते. राकेश, पेढा खा. गाळा नाय मिळायचा."

"खातो, काकू," राकेश म्हणाला. बहुधा सुटल्यासारखं त्यालाही वाटलं होतं.

दसऱ्याच्या दिवशी गल्लीत सगळीकडे सोनं वाटलं जात असताना निवृत्तीभाऊ, हर्षल आणि दगडांना टाकी मारणारा एक म्हातारा कारागीर गिरणी खोलून बसले होते. दगडांच्या तोंडावरचा थर छिन्नीने पार काढला. कापडी नळी फेकून दिली. मंगलाबाईंनी लोखंडी भाग गरम पाण्याने घासले, आणि योगिनी म्हणाली "बास" तरी पुन्हा घासले. मग पोतंभर तांदूळ त्यातून दळून काढला. ते पीठ मेव्हण्याच्या म्हशींसाठी घोटीला गेलं. म्हशींना गव्हाचं पथ्य नव्हतं.

ग्लुटेन तपासायच्या पट्ट्या मात्र नाशिकमध्ये कुठेच मिळाल्या नाहीत. त्या ऑनलाइनच मागवाव्या लागल्या. राकेशने पार्सल गिरणीतच आणून दिलं.

"मॅडम, माझ्याच पोटावर पाय देणारं पार्सल मीच आणलंय. सही करा."

"तुला पुढच्या चौकात गाळा मिळाला ना?"

"मिळाला. मोठा आहे. आईचे पापड पण तिथेच वाळतात, वरच्या गच्चीवर."

टाकी मारलेल्या दगडांवरून ज्वारी दळली गेली. योगिनीने त्यातलं चिमूटभर पीठ परीक्षानळीतल्या द्रवात घालून हलवलं आणि पट्टी बुडवली. सगळे भोवती जमले.

"आता बघा," ती म्हणाली. "एक रेष येणारच. ती पट्टी नीट चालते हे सांगते. दुसरी आली तर गहू आहे."

"दोन रेषा आल्या की पेढे वाटतात ना?" भिमाबाईंनी विचारलं.

"ती पट्टी वेगळी, भिमाबाई."

"नाही, आमच्या सुनेच्या वेळेला..."

"वेगळी," योगिनी म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

एक रेष उमटली. दुसऱ्या रेषेच्या जागी सगळे टक लावून बघत राहिले. मंगलाबाई तर इतक्या जवळून, की योगिनीला पट्टी उंच धरावी लागली. सांगितलेला वेळ झाला, वर आणखी थोडा झाला. जागा कोरीच राहिली.

"नाय आली," मंगलाबाई म्हणाल्या. "आनखी एक बुडवा."

दुसरीही कोरी राहिली. कुसाबाई तोवर पीठ घेऊन घरी निघाल्या होत्या. त्यांचा पट्टीवर विश्वास नव्हता असं नाही, पण त्यांची परीक्षा परातीत व्हायची होती. त्यांनी कोमट पाण्यात पीठ मळलं, गोळा तळव्यावर फिरवला आणि थापायला घेतला. कडा फाटली नाही. भाकरी परातीत गोल गोल फिरत मोठी झाली, उचलली गेली, तव्यावर पडली आणि विस्तवावर टम्म फुगली. वेदिकाने ती पुरती गार होऊ दिली नाही. पहिली संपवून तिने ताट पुढे केलं.

"आजी, ही कुणी चावलेली नाही."

"नाही ना? मंग चाव."

दिवाळी जवळ आली तशी मागच्या गाळ्यासमोर रांग लागू लागली. चकलीची भाजणी, लाडवांचं बेसन, नागली, तांदूळ. गंगापूर रोडवरची एक बाई आपल्या मुलासाठी ज्वारी घेऊन आली. तिलाही डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि तीही पाकिटंच मागवत होती. भिमाबाईंच्या पिशव्यांवर आता ठळक अक्षरांत यात गहू नाही असं लिहिलेलं असायचं, आणि खाली बारीक अक्षरांत गिरणीचा पत्ता, कारण लोक तोही विचारायचे.

मागच्या गाळ्याचा कारभार मंगलाबाईंकडे होता. त्या डब्याचं झाकण उघडून आधी आत बघायच्या, मग बोट फिरवायच्या. डबा जुना दिसला तर विचारायच्या, यात पूर्वी काय होतं. उत्तर देताना जरा अडखळलं की डबा परत. एका बाईंनी रागाने सांगितलं, की एवढी चौकशी तर पासपोर्टला नाही झाली. मंगलाबाई म्हणाल्या, "तिथं चिमूट चालत आसंल."

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी योगिनी दळण घ्यायला गेली तेव्हा मागच्या गल्लीत निवृत्तीभाऊ बनियनवर उभे होते. हातात पाना होता. आत मोटरचा पट्टा सैल झाला होता आणि बाहेर रांग खोळंबली होती.

"काय झालं, भाऊ?"

"पट्टा घट करायला आलो. आत नाय घेत."

"सदरा काढलाय की त्यांनी," रांगेतली एक म्हणाली. "घ्या ना आता, काकू."

"डोक्यात बघा," आतून मंगलाबाईंचा आवाज आला. "भुवया बघा. पुढं दिवसभर गहू दळलाय त्यांनी. अंघोळ करून या म्हनलं, तर म्हनतात दिवाळीला करतो."

रांग हसली. भाऊंनी योगिनीकडे वळून हळूच विचारलं, "ताई, गिरनीचा मालक मीच हाय ना?"

"पुढच्या गल्लीतल्या," योगिनी म्हणाली.

भाऊंनी पाना तिच्या हातात दिला आणि अंघोळीला गेले.